विश्लेषण : प्रवासी पक्षीनिरीक्षकांसाठी कोणता ‘स्पॉटिंग स्कोप’ योग्य?

हिवाळा सुरू झाला की मराठवाड्यातील जलाशयांवर स्थलांतरित पक्षी उतरू लागतात. नांदेडचा विष्णुपुरी, पैठणचा जायकवाडी किंवा बिलोली तालुक्याच्या कडेने वाहणारी मांजरा, कुठेही गेले तरी निरीक्षकांची अडचण एकच असते. पक्षी दूर, मधे पाणी किंवा गाळ, आणि गळ्यातील बायनॉक्युलर अपुरी. त्यावर उपाय म्हणजे स्पॉटिंग स्कोप. पण एसटीने किंवा रेल्वेने फिरणाऱ्याला तो झेपेल का, आणि घ्यायचा तर कोणता?

स्पॉटिंग स्कोप म्हणजे काय?

एका डोळ्याने पाहायची, तिपाईवर बसवायची ही दुर्बीण. बायनॉक्युलर साधारण ८ किंवा १० पट मोठे दाखवते, स्कोप १५ ते ६० पट. ४०० मीटरवरचा पक्षी ८ पटीच्या बायनॉक्युलरमधून ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो, २० पटीच्या स्कोपमधून २० मीटरवर. चक्रवाक बायनॉक्युलरनेही ओळखता येतो. मात्र चिखलातले चिमुकले टिलवे ओळखायचे तर पायांचा रंग पाहावा लागतो. छोट्या टिलव्याचे पाय काळे, तर टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर हिरवे. दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत असा फरक चुकला की नोंदच चुकते.

बिलोली परिसरात त्याची गरज का?

बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूर, कर्नाटक आणि तेलंगणातून वळसा घेऊन बिलोली तालुक्याच्या सीमेवर येते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. पात्र रुंद, मधे वाळूचे पट्टे. पक्षी बऱ्याचदा पात्राच्या मध्यावर किंवा पलीकडच्या, म्हणजे तेलंगणाच्या काठावर असतात. शेजारच्या धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. म्हणजे गोदावरीच्या पात्रात पाणी अडवले जाते ते ऑक्टोबरअखेरीस, आणि हिवाळी पाहुणे येण्याचा काळही तोच. जवळ जाण्याच्या नादात थवा उठवला तर पक्ष्यांची चरण्याची वेळ वाया जाते. स्कोप असेल तर काठावरूनच काम होते.

‘कॉम्पॅक्ट’ कशाला म्हणायचे?

स्कोपवरील आकडे सोपे आहेत. ‘२०-४० × ५०’ म्हणजे २० ते ४० पट मोठेपणा आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर. ५० ते ६५ मिलिमीटरचे स्कोप प्रवासी गटात येतात, ८० ते १०० मिलिमीटरचे मोठ्या गटात. मोठा स्कोप आयपीससह दीड-दोन किलोंचा, त्यात त्याला पेलणारी तिपाई वेगळी. कोवाचा ‘टीएसएन-५०१’ हा २०-४० × ५० स्कोप सुमारे ४०० ग्रॅमचा आहे. सेलेस्ट्रॉनचा ‘हमिंगबर्ड’ ९-२७ × ५६ या मापात मिळतो. असे स्कोप खांद्यावरच्या पिशवीत बसतात.

मग तोटा काय?

प्रकाशाचा. भिंगाच्या व्यासाला मोठेपणाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ५० मिलिमीटरचा स्कोप २० पटीला २.५ मिलिमीटर झोत देतो, ४० पटीला जेमतेम १.२५. चित्र अंधारते, बारकावे पुसट होतात. ८० मिलिमीटरचा स्कोप २० पटीला ४ मिलिमीटर देतो. म्हणून लहान स्कोपची कमाल क्षमता पाहून भुलू नये. तो प्रामुख्याने १५ ते ३० पटीतच वापरला जातो.

मराठवाड्याच्या हवेत हे नुकसान वाटते तितके मोठे नाही. ऊन चढले की तापलेल्या वाळूवरची हवा थरथरू लागते, आणि मग महागड्या स्कोपमधूनही ६० पटीला पक्षी पाण्यात हलल्यासारखा दिसतो. मोठेपणा वाढवला की थरथरही तेवढीच वाढते. सकाळी हवा स्थिर असते, पण बिलोलीकडचा काठ पश्चिमेचा असल्याने सूर्य समोरून येतो. तिसऱ्या प्रहरानंतर तो पाठीशी असतो. समोरच्या उजेडात पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते. ती कमी करण्यासाठी ‘ईडी’ काच उपयोगी पडते. ५० मिलिमीटरचा चांगला ईडी स्कोप अनेकदा साध्या काचेच्या ८० मिलिमीटरच्या स्कोपपेक्षा समाधान देतो.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

आयपीस सरळ की कोनात, हे आधी ठरवावे. कोनातला आयपीस असेल तर तिपाई ठेंगणी चालते आणि वेगवेगळ्या उंचीचे लोक सहज पाहू शकतात. गाडीच्या खिडकीतून पाहायला सरळ बरा. चष्मा असलेल्यांनी डोळा व आयपीस यांतील अंतर किमान १५ मिलिमीटर आहे का, हे पाहावे. आत नायट्रोजन भरलेला, पाणी न शिरणारा स्कोप पावसाळ्यानंतरच्या दमट हवेत आतून धुरकट होत नाही. मोबाइल जोडण्याचा अॅडॉप्टर बसतो का आणि भारतात दुरुस्तीची सोय आहे का, हेही विचारावे. दुकानात भिंतीकडे नव्हे, तर रस्त्यापलीकडच्या पाटीवरची बारीक अक्षरे वाचून पाहावीत, तीही सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन्ही पटींवर.

तिपाईवर किती खर्च करावा?

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. स्कोप भारी आणि तिपाई डुगडुगती असेल तर नदीकाठच्या वाऱ्यात काहीच दिसत नाही. एक ते दीड किलोची, घडी करून पिशवीत मावणारी तिपाई लहान स्कोपला पुरते. मधला दांडा वर न काढता पाय पसरवावेत आणि खाली पिशवी टांगावी, की ती आणखी स्थिर होते.

निवड कशी करावी?

पहिली खरेदी ८ × ४२ बायनॉक्युलरचीच असावी. स्कोप तिला पूरक असतो, पर्याय नव्हे. सतत प्रवास करणाऱ्यांनी ५० ते ५५ मिलिमीटरचा ईडी स्कोप घ्यावा. स्वतःचे वाहन असेल किंवा जायकवाडीसारख्या पसरट, उथळ जलाशयावर तासन्‌तास बसायचे असेल तर ६५ मिलिमीटर हा मध्यममार्ग. मोठा स्कोप एका जागी बसून गणना करणाऱ्या गटाने मिळून घेतला तर परवडतो. आणि धरण, बंधारा किंवा अभयारण्यात उपकरण उभे करण्यापूर्वी तिथली परवानगी विचारून घ्यावी.