शाळागृहाची दारे-खिडक्या : थंडीपूर्वीची तपासणी

पावसाळ्यात दार अडकू लागले की त्यावर रंधा मारण्याची घाई पुष्कळ शाळांतून होते. ती चूक होय. हवेतील ओल शोषून लाकूड रुंदीत फुगते व हवा कोरडी होताच पुन्हा आकसते. आषाढात तासलेल्या दाराला मार्गशीर्षात फट पडते. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात जमिनीवर बसलेल्या मुलांच्या पाठीला त्या फटीतला वारा झोंबतो. यास्तव तासणी दिवाळीनंतरच करावी. प्रथम बिजागरीचे स्क्रू आवळून पाहावेत. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. नंतर बंद दाराच्या कडेने पेटती उदबत्ती हळूहळू फिरवावी. धूर हेलकावेल तेथे फट समजावी. उघड्या पडलेल्या लाकडास जवसाचे तेल द्यावे. वरचे झरोके मात्र बुजवू नयेत. भरलेल्या वर्गास थंडीतही मोकळी हवा लागते.