हनुवटीचं काय?

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात दर शनिवारी एक कोडं असतं. कोडं मुलांनीच तयार करायचं आणि उत्तर बाकीच्यांनी द्यायचं. मध्यंतरी एका चुणचुणीत मुलीनं कोडं घातलं : 'डोकं आहे पण केस नाहीत, काच आहे पण खिडकी नाही, बाबा गाडीवर बसले तरी हे खुंटीवरच राहतं! सांगा पाहू, मी कोण?'

ओळखलंत ना? हेल्मेट! सगळा वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्याचं कारण तुम्हांला सांगते.

डी.एड. होऊन मला नोकरी लागली, तेव्हा माझा धाकटा भाऊ तालुक्याच्या कॉलेजात होता. बाबांच्या मोटारसायकलवरून रोज जाऊन येऊन असायचा. पहिला पगार हातात आला तसं मी ठरवलं, त्याला हेल्मेट घ्यायचं. दोघं दुकानात गेलो. दुकानदारांनी दोन हेल्मेटं पुढ्यात ठेवली. एक अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखं, हलकंफुलकं, कपाळापासून कानाच्या वरपर्यंत येणारं. दुसरं पूर्ण तोंड झाकणारं, हनुवटीपुढे कमान असलेलं, चांगलंच जड. किंमतही दुप्पट. भावानं ते मोठं डोक्यात घातलं आणि लगेच काढलं. "ताई, जीव गुदमरतो गं ह्यात!" मलाही वाटलं, डोकं झाकलं की झालं! लहान हेल्मेट घेतलं आणि उरलेल्या पैशांत आईला साडी घेऊन आले. केवढी खूश होते मी!

त्याच वर्षी डिसेंबरातली गोष्ट. आमच्याकडे तेव्हा ऊसतोडणी जोरात असते. भरलेल्या ट्रॉल्यांमधून रस्त्यावर ऊस पडलेले असतात. संध्याकाळी घरी येताना भावाच्या गाडीचं चाक अशाच एका उसावर गेलं आणि घसरलं. वेग फार नव्हता, तीसच्या आसपास असेल. गाडी एका बाजूला आणि हा पालथा रस्त्यावर. त्या करवंटीला कपाळाजवळ मोठं खरचटलं होतं, आत चीर गेली होती. डोकं मात्र शाबूत! पण खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला आणि पुढचे दोन दात गेले.

डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे! तोंड उघडायचंच नाही. पेज, ताक, पातळ वरण, सगळं नळीनं ओढायचं. मधेच संक्रांत आली. सगळ्यांनी तिळगूळ दिला, पण खाणार कसा? बिचारा मुठीत धरून बसला. बोलता येत नव्हतं, म्हणून मी शाळेतली पाटी आणून दिली होती. एक दिवस त्यानं त्या पाटीवर लिहिलं, 'ताई, हेल्मेट चांगलं होतं. छोटं होतं.'

ती पाटी पुसायला माझा हात धजला नाही.

आता हेल्मेट नेमकं काय करतं ते बघू. वरचं टणक कवच सगळ्यांना दिसतं. ते प्लॅस्टिकचं किंवा फायबरचं असतं. पण खरा कामकरी आत लपलेला असतो. आतलं मऊ कापड बाजूला केलंत तर पांढऱ्या किंवा काळ्या थर्माकोलचा जाड थर दिसेल. क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना तुम्ही हात मागे घेता की नाही? लांब उडीच्या खड्ड्यात वाळू का घालतात? चेंडू काय किंवा आपण काय, एकदम न थांबता जरा सावकाश थांबावं म्हणून. थर्माकोल तेच करतो. तो दाबला जातो, चिरडतो आणि धक्का स्वतः सोसतो. कवटीच्या आत मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं, की तो आतून कवटीवर आपटतो. तो धक्का कमी करायचा असतो.

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. दोन डबे घेतले. एकात अंडं नुसतंच ठेवलं. दुसऱ्यात जाड थर्माकोल कोरून त्याच्या खोबणीत अंडं घट्ट बसवलं. दोन्ही डबे टेबलावर उभं राहून खाली सोडले. पहिल्या डब्यात काय झालं ते सांगायला नकोच! दुसऱ्यातलं अंडं जसंच्या तसं. (करून बघणार असाल तर आईला विचारा आणि फरशी स्वतः पुसा.)

पाचवी-सहावीतल्या दोस्तांसाठी थोडं गणित. ताशी ३० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून खाली पडणं. वेग ताशी ५० झाला, की हीच उंची जवळजवळ दहा मीटर होते. तिसऱ्या मजल्याची खिडकीच की! आणि आपण म्हणतो, 'हळूच तर चालवतोय.'

पण थर्माकोल जिथं आहे तिथंच उपयोगी. जिथं नाही तिथं काय? जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात डीटमार ओटे नावाच्या संशोधकांनी अपघातांत सापडलेली हेल्मेटं तपासली आणि कुठल्या भागावर किती मार बसला याची नोंद केली. जवळजवळ एक तृतीयांश मार हनुवटीच्या आणि जबड्याच्या भागावर होता! आपण धडपडतो ते बहुतेक वेळा पुढे, तोंडावरच. माझा भाऊ काही जगावेगळा पडला नव्हता.

दुकानात 'हाफ' म्हटलं की दोन वेगळ्या वस्तू पुढे येतात, हे लक्षात ठेवा. एक ती करवंटी. दुसरं हेल्मेट कान आणि मान झाकतं, पण चेहरा उघडा ठेवतं. करवंटीपेक्षा ते पुष्कळ बरं, तरी हनुवटीचं काय, हा प्रश्न उरतोच. तिसरं अर्थातच फुल. हल्ली हनुवटीची कमान वर उचलता येणारंही मिळतं. चष्मेवाल्यांना ते सोयीचं, पण गाडी चालताना कमान खाली लावलेली हवी. आणि इमारतीच्या कामावरची पिवळी टोपी किंवा क्रिकेटचं हेल्मेट घालून फिरणारे लोकही मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल काय बोलणार!

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घरात हाफ हेल्मेटच असेल, तर तेच घाला. २००८ साली ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यातून दिसलं. त्यात सगळ्या प्रकारची हेल्मेटं आली. माझ्या भावाचा जीव त्या करवंटीनंच वाचवला, हे मी विसरलेले नाही. पण नवीन घ्यायचंच असेल, तर माझ्यासारखं साडीचा हिशेब करू नका.

"फुल हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही," असं मोठी माणसं म्हणतात. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यांचा १९८१ सालचा अहवाल सांगतो, की हेल्मेटमुळे दिसण्या-ऐकण्यात अडचण येऊन अपघात झाले, असं आढळलं नाही. तुम्हीही ताडून बघा. बाबांना हेल्मेट घालून खुर्चीत बसवा, समोर बघायला सांगा. तुम्ही पेन्सिल घेऊन पाठीमागून हळूहळू बाजूनं पुढे या. दिसली की बाबांनी 'आली' म्हणायचं. मग हेल्मेट काढून पुन्हा तसंच करा.

उकाड्याची तक्रार मात्र खरी आहे. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात, मराठवाड्यात काय होत असेल! हवेसाठी भोकं असलेलं, आतलं कापड काढून धुता येणारं हेल्मेट बघावं. सिग्नलला काच वर करावी. काच पारदर्शकच घ्यावी, काळी काच संध्याकाळनंतर धोक्याची.

आता तुमच्याविषयी. मागे बसणाऱ्याला हेल्मेट कशाला, असं पुष्कळांना वाटतं. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली हेल्मेट न घातलेल्या १४,३३७ मागे बसणाऱ्यांचा आपल्या देशात मृत्यू झाला. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचं आहे. २०१९ साली कायदा बदलला तेव्हापासून हेल्मेट नसेल तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन बंद, अशी तरतूद झाली. आणि स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं राहणारे छोटे दोस्त? अचानक ब्रेक लागला तर त्यांची हनुवटी कुठं आपटेल, ते आज उभं राहून बघाच.

गेल्या रविवारी मी माझ्या लेकीला घेऊन दुकानात गेले. ती दुसरीत आहे, स्कूटरवर माझ्यामागे बसते. आधी घरी शिवणाची टेप भुवयांच्या थोडी वर धरून तिच्या डोक्याचा घेर मोजला. बावन्न सेंटिमीटर भरला. मोठ्यांचं हेल्मेट मुलांच्या डोक्यावर भोपळ्यासारखं डुलतं, त्याचा काही उपयोग नाही. आय.एस.आय.ची खूण पाहिली. हेल्मेट घालून तिला मान हलवायला लावली. हेल्मेटबरोबर गालही हलायला हवेत. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं कशीबशी जावीत, जास्त नाही. मग पट्टा लावलेला असताना मागून वर ढकलून बघितलं, निघून येत नाही ना म्हणून. हनुवटीच्या कमानीत आतून अंगठा दाबला. काही स्वस्त हेल्मेटांत तिथं नुसतं पोकळ प्लॅस्टिक असतं. थर्माकोल तिथंही हवा. आणि एकदा जोराचा मार बसला, की हेल्मेट बदलायचं. चिरडलेला थर्माकोल परत फुगत नाही.

अपघात झालेल्या माणसाचं हेल्मेट उगाच ओढून काढू नका बरं का, मानेला दुखापत झालेली असू शकते. काच वर करा, मोठ्या माणसाला बोलवा आणि १०८ला फोन लावा.

दुकानात शेवटी गंमत झाली. दुकानदारकाका गुलाबी रंगाचं, फुलपाखरांचं चित्र असलेलं हाफ हेल्मेट घेऊन आले. "बेबीला हे छान दिसेल, आणि स्वस्त पण आहे." माझी लेक त्या फुलपाखरांकडे बघतच राहिली. मी गप्प बसले. तिला मामाची गोष्ट ठाऊक आहे, त्याचे पुढचे दोन दात खोटे आहेत हेही ठाऊक आहे. तिनं ते हेल्मेट हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "काका, हनुवटीचं काय?"

फुलपाखरं असलेलं फुल हेल्मेट त्यांच्याकडे नव्हतं. आम्ही साधं लाल घेतलं. फुलपाखरं तिनं घरी येऊन स्टिकरची लावली.