दोन हजार वर्षं टिकेल असा मजकूर

आर्किमिडीजच्या यांत्रिक प्रमेयांवरच्या ग्रंथाची जगात एकच प्रत उरली होती. दहाव्या शतकात चर्मपत्रावर उतरवलेली ती प्रत तेराव्या शतकात खरवडली गेली आणि त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ साली डॅनिश अभ्यासक योहान हायबर्ग यांनी कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये त्या प्रार्थनांखालची पुसट अक्षरं ओळखली, म्हणून तो ग्रंथ आज आपल्याला वाचता येतो.

२०१५ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात रॉबर्ट ग्रास, राइनहार्ड हेकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच ग्रंथ डीएनएमध्ये लिहून ठेवला, सोबत १२९१ची स्विस सनदही. एकूण मजकूर ८३ किलोबाइट. त्यांना पाहायचं होतं ते एवढंच, की शतकानुशतकं उलटल्यावर तो जसाच्या तसा परत मिळेल का.

चार अक्षरांची लिपी

संगणकाची सगळी माहिती शून्य आणि एक या दोन अंकांत असते. डीएनएची लिपी ए, सी, जी, टी या चार अक्षरांची. अंकांचं अक्षरांत रूपांतर करायचं आणि त्या क्रमाने रेणू प्रयोगशाळेत तयार करायचा. यात कुठलाही सजीव लागत नाही. रसायनांनी लांबच लांब रेणू बनवता येत नाही, त्यामुळे झुरिकच्या गटाने मजकूर प्रत्येकी १५८ अक्षरांच्या ४,९९१ तुकड्यांत विभागला आणि प्रत्येक तुकड्यात त्याचा क्रमांकही लिहिला.

काळाच्या ओघात काही अक्षरं बदलणार, काही तुकडे हरवणार, हे गृहीतच होतं. त्यासाठी त्यांनी मजकुरात जादा अक्षरं घातली. ओरखडे पडलेली सीडी ज्या रीड-सॉलोमन गणितामुळे वाजते, तेच गणित इथे हरवलेला भाग भरून काढतं.

डीएनएचा मोठा शत्रू पाणी. जीवाश्मातलं हाड डीएनएला ओलाव्यापासून जपतं, हे पाहून त्यांनी तुकड्यांना काचेच्या अतिसूक्ष्म कणांत बंद केलं. ते कण आठवडाभर ७० अंश सेल्सिअसवर तापवले. मध्य युरोपच्या हवामानात दोन हजार वर्षांत होईल तेवढी झीज त्या आठवड्यात झाली, असा त्यांचा हिशेब. नंतर काच विरघळवून डीएनए वाचला, तेव्हा दोन्ही मजकूर बिनचूक परत मिळाले.

लिहिणं महाग, वाचणं शाश्वत

आज अभिलेखागारं चुंबकीय फितींवर विसंबून आहेत. काही दशकांनी फीत जीर्ण होते, त्याआधी ती वाचणारं यंत्रच बाजारातून जातं. मग सगळं नव्या फितीवर उतरवायचं, आणि हे चक्र कधी थांबत नाही. डीएनए वाचण्याची यंत्रं बदलत राहतील, पण वाचण्याची विद्या लोपणार नाही, कारण माणसाला आपल्या आजारांसाठी ती कायम लागणार आहे. जागाही नगण्य लागते. यानिव एर्लिख आणि दिना झिलिन्स्की यांनी २०१७ साली दाखवलेल्या पद्धतीने एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट, म्हणजे साडेएकवीस कोटी गिगाबाइट मावू शकतात.

अडचण लिहिण्याची आहे. एर्लिख यांच्या प्रयोगात जेमतेम दोन मेगाबाइट लिहायला सुमारे सात हजार डॉलर लागले. मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्वयंचलित यंत्राला २०१९ साली ‘हॅलो’ हा इंग्रजी पाच अक्षरी शब्द लिहून परत वाचायला २१ तास लागले. हरगोविंद खुराना यांच्या गटाने १९७० साली पहिलं कृत्रिम जनुक घडवलं. त्यांच्याकडे काम केलेल्या मार्विन कॅरुथर्स यांनी पुढे रेणू बांधण्याची जलद पद्धत दिली. आजही मुख्यतः तीच वापरतात, आणि तीत अक्षरं एकामागून एकच जोडावी लागतात.

एकदा लिहिलेल्या डीएनएच्या कोट्यवधी प्रती मात्र सहज आणि स्वस्तात निघतात. आर्किमिडीजच्या ग्रंथावर एकुलत्या एका प्रतीपायी जी वेळ आली, ती टाळण्याचा खरा उपाय हाच: प्रती अनेक, ठिकाणंही अनेक. त्याबरोबर अंकांची अक्षरं कशी केली, याची किल्ली साध्या कागदावर किंवा दगडावरही कोरलेली हवी. ती हरवली तर डीएनए वाचूनही अर्थ लागणार नाही. फोनमधल्या फोटोंसाठी हे माध्यम नाही. ग्रंथालयांनी आणि अभिलेखागारांनी, लिहिणं स्वस्त होण्याआधीच, पुन्हा मिळणार नाहीत अशा कागदपत्रांची यादी करायला घ्यावी.