पुडक्यावरील दुसरा आंकडा

बाजारांत जावें, पुडक्यावरील किंमत पाहावी आणि तीं त्यांतल्या त्यांत कमी असलेलें पुडकें पिशवींत टाकून घरीं यावें, एवढ्यानें आपली काटकसर साधली असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसही परवांपरवांपर्यंत तसेंच वाटत असे. गेल्या महिन्यांत मात्र आमचा हा भ्रम घरच्या घरींच दूर झाला.

एकाच प्रतीच्या चहाचीं दोन पुडकीं त्या दिवशीं घरांत आलीं. आम्हीं आणलेलें १४४ रुपयांचें, धाकट्या सूनबाईंनीं आणलेलें १५० रुपयांचें. सहा रुपये वांचविले म्हणून आम्ही मनांत संतुष्ट होतों. तोंच सूनबाई अदबीनें म्हणाल्या, "मामंजी, वजन पाहिलेंत का?" पाहतों तों आमच्या पुडक्यांत २२५ ग्रॅम आणि त्यांच्या पुडक्यांत २५०! आमचा चहा ग्रॅमला ६४ पैसे पडला, त्यांचा ६०. महिन्याला दोन किलो चहा लागणाऱ्या आमच्या कुटुंबांत हा चार पैशांचा फरक वर्षाकाठीं ९६० रुपयांवर जातो.

बांधीव मालावर निव्वळ वजन व किंमत छापण्याची सक्ती १९७७ च्या नियमांनीं झाली. आज ती २००९ च्या वैध मापन कायद्याखालील २०११ च्या नियमांनीं चालते. छापलेली किंमत सर्व करांसह असते व ती कमाल होय. दुकानदारास तीहून अधिक घेतां येत नाहीं; कमी घेण्यास तो मोकळा आहे. ती खोडण्यास वा बदलण्यास मनाई आहे. किंमत उतरविली तर नवी चिठ्ठी लावतां येते, परंतु तिनें मूळ आंकडा झांकतां कामा नये.

पूर्वी चहा, कॉफी, बिस्किटें अशा कित्येक जिनसा ठराविक वजनांतच बांधाव्या लागत. त्यामुळें नुसत्या किंमतीवरूनही तुलना होई. २०२१ च्या दुरुस्तीनें तें बंधन उठविलें, आणि त्याच दुरुस्तीनें गिऱ्हाइकाच्या हातीं एक नवें साधनही दिलें. किलोहून लहान पुडक्यावर ग्रॅममागें, मोठ्यावर किलोमागें पडणारा दर छापावा, असा नियम झाला. तेलासारख्या पातळ पदार्थांस मिलिलिटर वा लिटर, मोजून विकण्याच्या वस्तूंस नग, हें माप लागतें. आमच्या पुडक्यावरही हा दुसरा आंकडा होताच. आम्हीं तो वाचला नव्हता, इतकेंच!

या दरावरून मालाची प्रत कळत नाहीं, हें खरें. पण मोठें पुडकें नेहमीं स्वस्तच असतें, ही समजूत त्यानें तत्काळ पारखतां येते. छापील किंमतीहून अधिक कोणी मागितल्यास पावती जपून ठेवावी आणि वैध मापन निरीक्षकाकडे, अथवा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी.

आमच्या घरीं आतां किराण्याच्या यादींत प्रत्येक जिनसेपुढें हा दर लिहिण्याचें काम नातवाकडे सोंपविलें आहे. त्याचें त्रैराशिक सुधारत आहे; आणि आजोबांची काटकसर सूनबाईंच्या नजरेंतून उतरल्यावांचून आतां पिशवी घरांत येत नाहीं.