वेठीच्या वाटेवरची गावं

जपानच्या किसो खोऱ्यात त्सुमागो नावाचं गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गडद लाकडाची, जाळीदार दर्शनी भागाची जुनी घरं, मागे चढत गेलेला डोंगर. तिथे जाणारा प्रत्येक जण फोटो काढतो, आणि काढावेत इतकं ते देखणं आहेच. पण असली गावं सरकारी वाहतूक पेलण्यासाठी उभी राहिली होती. गावकऱ्यांच्या पाठीवरचं ते ओझं लक्षात घेतलं नाही, तर निम्मं गाव बघायचं राहून जातं.

१६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकल्यावर सत्तेवर आलेल्या तोकुगावा इएयासुने पुढच्याच वर्षी तोकाइदो या किनाऱ्यालगतच्या महामार्गावर टप्प्यांची, म्हणजे माणसं आणि घोडे पुरवणाऱ्या वाटेवरच्या गावांची, व्यवस्था लावायला घेतली. १६०२ मध्ये ती डोंगरातून जाणाऱ्या नाकासेन्दो मार्गावरही आली. दोन्ही रस्ते एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोकडे जात. तोकाइदोवर ५३ टप्पे होते. नाकासेन्दोवर सुमारे ५३० किलोमीटरमध्ये ६९, त्यांतले ११ एकट्या किसो खोऱ्यात. त्सुमागो त्यांपैकीच एक.

ओझं एका टप्प्यावरून फक्त पुढच्या टप्प्यापर्यंत जायचं. तिथे ते उतरवायचं, ताज्या दमाच्या घोड्यांवर चढवायचं आणि आधीच्या माणसांनी माघारी फिरायचं. त्यासाठी तोकाइदोवरच्या प्रत्येक टप्प्याने १०० माणसं आणि १०० घोडे तयार ठेवायचे. नाकासेन्दोवर हाच आकडा ५०-५०, आणि किसोच्या अवघड डोंगरात २५-२५. शोगुनाचा, म्हणजे एदोतून देश चालवणाऱ्या लष्करी शासकाचा, परवाना घेऊन येणाऱ्याचं सामान फुकट वाहायचं, सरदारांचं सरकारी दराने. साध्या प्रवाशाशी मात्र घासाघीस करता येई. मोबदल्यात घरजागेचा सारा माफ आणि प्रवाशांना उतरवून घेण्याचा हक्क.

१६३५ मध्ये सरदारांनी आलटूनपालटून एदोत हजेरी द्यावी असा नियम झाला आणि त्यांचे लवाजमे या रस्त्यांवरून सतत ये-जा करू लागले. सरदार उतरे तो होन्जिन. बहुधा गावातल्या प्रमुख घराण्याचाच वाडा. सामान्य वाटसरूला हातागो, तिथे जेवणही मिळे. त्याहून गरीब माणूस सरपणाचे पैसे देऊन स्वतःचा भात स्वतः शिजवी. नाकासेन्दोवरच्या किसो-फुकुशिमाच्या नाक्यावर झडती होई ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी: एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून निसटणाऱ्या बायका. सरदारांची कुटुंबं एदोत ओलीस असत. बायको निसटली म्हणजे बंडाची तयारी, असा त्यामागचा संशय.

मोठा लवाजमा आला की गावातली माणसं आणि घोडे पुरत नसत. मग आसपासच्या खेड्यांवर वेठ बसे. तिला सुकेगो म्हणत. पेरणी-कापणीच्या दिवसांतही शेत टाकून घोडा घेऊन हजर व्हावं लागे, नाहीतर पैसे भरायचे. १७६४ च्या अखेरीस ही वेठ आणखी खेड्यांवर लादायचं ठरलं, तेव्हा मुसाशी प्रांतातले शेतकरी प्रचंड संख्येने उठले आणि शोगुनशाहीला तो हुकूम मागे घ्यावा लागला. रंगीत चित्रांमधून या महामार्गांची रमणीय ओळख जगाला झाली, पण या रस्त्यांची खरी गोष्ट मला त्या उठावात दिसते. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनाशी लग्न करायला नाकासेन्दोनेच एदोला गेली, तेव्हाही हजारोंच्या त्या वरातीचा भार वाटेवरच्या गावांनीच उचलला.

शोगुनशाहीनंतर आलेल्या मेइजी राजवटीने टप्प्यांची ही व्यवस्था मोडली. त्सुमागोच्या शेजारच्या मागोमे गावातल्या होन्जिनमध्ये १८७२ साली जन्मलेल्या शिमाझाकी तोसोनने ‘योआके माए’ या कादंबरीत हा काळ मांडला. तिचा नायक त्याच्या वडिलांवरून घेतलेला, नव्या राजवटीकडून आशा बाळगून उद्ध्वस्त झालेला होन्जिनचा मालक. राजवट बदलल्याची एक खूण त्सुमागोतही आहे. किसोतले हिनोकी वृक्ष तोडायला जुन्या राजवटीत इतकी कडक बंदी होती की एका झाडाला एक मुंडकं असं लोक म्हणत. त्सुमागोतलं हिनोकीच्या लाकडाचं भव्य ओकुया घर उभं राहिलं ते १८७७ मध्ये, ती बंदी गेल्यावर.

पुढे रेल्वे दुसरीकडून गेली आणि त्सुमागो ओस पडू लागलं. १९६८ मध्ये घरांच्या दुरुस्तीचं काम सुरू झालं आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी आपणहून ठराव केला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी घातली, विजेच्या तारा नजरेआड नेल्या. स्वतःच्या घराच्या किमतीवर पाणी सोडणं सोपं नसतं, म्हणून हा ठराव मला कुठल्याही वाड्यापेक्षा मोठा वाटतो. १९७६ मध्ये जपान सरकारने जतनासाठी जुन्या वस्त्यांची पहिली निवड केली, तेव्हा तिच्यात त्सुमागो होतं.

जपानला जाणार असाल तर नागोयाहून नाकात्सुगावाला रेल्वेने या, बसने मागोमे गाठा आणि तिथून घाटवाटेने त्सुमागोपर्यंत आठेक किलोमीटर चाला. वाटेत अस्वलांना हुसकावण्यासाठी टांगलेल्या घंटा आहेत, त्या वाजवत जा. आणि जमलं तर त्सुमागोत रात्रीचा मुक्काम करा. तिथल्या माणसांनी ते गाव राहण्यासाठी राखलं आहे.