डोंगरावरचा रिपीटर : आधी परवाना, मग खरेदी



2021 च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्यात गेलं, तेव्हा वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. जवळच्या माणसाची खुशाली कळेना. अशा वेळी कामाला येईल असा गावाचा स्वतःचा वायरलेस असावा, हा विचार आता गटांच्या बैठकांत निघतो. विचार चांगलाच आहे. पण बरेचदा सुरुवात होते ती मोबाइलवर स्वस्त वॉकी-टॉकी शोधण्यापासून, आणि गटाचा पैसा अडकतो तो तिथेच. म्हणून आज आम्ही रिपीटरच्या यंत्रांचे नियम सांगणार आहोत.

आधी एक फरक लक्षात घ्या. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखं सामुदायिक रेडिओ केंद्र बोलतं आणि आपण ऐकतो. त्याला 100 वॉटपर्यंत ताकद आणि 30 मीटरपर्यंत उंच मनोरा चालतो. पण तो परवाना एकतर्फी प्रसारणाचा आहे. दोन्ही बाजूंनी बोलायचं तर परवाना वेगळा.

रिपीटर करतो काय? वॉकी-टॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. हातातला संच जमिनीपासून दीड मीटरवर असतो. तिथून सपाट जमिनीवर जेमतेम 5 किलोमीटरवर क्षितिज येतं, आणि मध्ये टेकडी आली की आवाज त्याआधीच तुटतो. तोच अँटेना भोवतालच्या जमिनीपेक्षा 100 मीटर उंच नेला, तर क्षितिज 40 किलोमीटरवर जातं. म्हणून डोंगरावर एक यंत्र ठेवतात. ते खालचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात सांगतं. हाच रिपीटर.

आता परवान्याच्या वाटा. तीन आहेत.

पहिली, बिनपरवान्याची. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या कमी ताकदीच्या संचांना 2018 च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलायला ते बरे. पण ही सूट थोड्या अंतराच्या संचांसाठी आहे. डोंगरावर रिपीटर ठेवून अंतर वाढवायचं, तर ही सूट पुरत नाही.

दुसरी वाट, संस्थेचा स्वतःचा परवाना. नोंदणीकृत संस्था दूरसंचार विभागाकडे अर्ज करते. विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा फ्रिक्वेन्सी देते, तिचं शुल्क भरावं लागतं. मनोऱ्याच्या जागेसाठी सॅक्फा नावाच्या समितीची मंजुरीही लागते. वाट लांब आणि खर्चाची आहे, पण रोजच्या कामाचं बोलणं करायचं असेल तर हीच.

तिसरी वाट हॅम रेडिओची. 12 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही सरकारी परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडसाठी मोर्स कोड शिकावा लागत नाही. पास झाल्यावर परवाना आणि व्हीयूने सुरू होणारं स्वतःचं बोलावणं-चिन्ह मिळतं. हॅमवर धंद्याचं बोलता येत नाही. दुधाचा भाव नाही, मालाची ऑर्डर नाही. पण आपत्तीत हीच माणसं उभी राहतात. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली, तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद हॅमच्या कामासाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. बाकी संपर्क तुटलेला असताना त्यांच्या संचावरून अंदमानच्या लोकांचे निरोप घरच्यांपर्यंत गेले.

वाट ठरली की मग यंत्रं. आपल्या देशात बिनपरवान्याचा वायरलेस संच नुसता जवळ बाळगणं हासुद्धा 1933 च्या कायद्यापासून गुन्हा ठरत आला आहे. सूट मिळालेल्या संचालाही डब्ल्यूपीसीची प्रकार-मान्यता लागते. तिला ईटीए म्हणतात. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी सूचना काढल्या. संच कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो का, हे विकणाऱ्याने सांगायला हवं. तो सांगत नसेल तर घेऊ नका.

रिपीटर घेताना पाच गोष्टी पाहा.

एक, डुप्लेक्सर. रिपीटर एकाच अँटेनातून ऐकतो आणि बोलतो. मध्ये ही गाळणी नसेल तर स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान बसतात. तो आपल्या फ्रिक्वेन्सीवर जुळवूनच घ्यावा.

दोन, केबल. पातळ आरजी-58 केबल 30 मीटर लावली, तर 150 मेगाहर्ट्झच्या आसपास 10 वॉटमधले जेमतेम अडीच वॉट अँटेनापर्यंत पोचतात. केबल जाड घ्या, आणि अंतर कमी ठेवा.

तीन, वेळेची मर्यादा. कोणाचं बटण दाबलेलं राहिलं तर सगळ्यांचीच वाट अडते. ठरलेल्या वेळेनंतर रिपीटर आपोआप थांबायला हवा. परक्या आवाजाने तो सुरू होऊ नये म्हणून टोनचं कुलूपही हवं.

चार, बॅटरी. समजा रिपीटर बोलताना 5 अँपिअर ओढतो आणि ऐकताना अर्धा. दिवसात 4 तास बोलणं झालं तर 20, उरलेल्या 20 तासांचे 10, मिळून 30 अँपिअर-तास. पावसाळ्यात तीन दिवस ऊन नसेल तर 90. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणून 180 ची लागेल. दुकानदार कमी सांगेल, तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडा.

पाच, वीज पडण्यापासून संरक्षण. मनोऱ्याला स्वतंत्र अर्थिंग आणि केबलला अरेस्टर. वळवाच्या पावसात डोंगरमाथ्यावरचा खांब हीच सगळ्यात उंच वस्तू असते. वादळात तिथे कोणी चढायचं नाही, हा नियमही लिहून ठेवा.

जागेचंही बघा. डोंगर वनखात्याचा असेल तर त्यांची परवानगी, ग्रामपंचायतीची जागा असेल तर तिचा ठराव. कुलूप कोणाकडे, बॅटरी कोण तपासणार, दर वर्षीचा खर्च कुठून, हेही तेव्हाच ठरवा.

गटाने पैसे काढण्याआधी इतिवृत्तात तीन ओळी लिहून घ्या : आपली वाट कोणती, फ्रिक्वेन्सी कोणी दिली, आणि यंत्राच्या मान्यतेचा कागद कुठे आहे. तिन्हींची उत्तरं हातात आली, की कोटेशन मागवा. तोवर दोन-तीन जणींनी हॅमच्या परीक्षेची तयारी सुरू करावी. यंत्र डोंगरावर कधीही नेता येईल. ते चालवणारी मात्र आधी तयार हवी.