वाईचा घाट : पाहण्याचा आणि वापरण्याचा
(द्वितीय वर्ष, कला)

कृष्णाकाठचे वाई हे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. फक्त ते वाई म्हणून पाहिलेले नसते. ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटातील चरणपूर हे गाव कथेत उत्तर प्रदेशातले, पण त्यातला दगडी घाट आहे वाईपासून तीनेक किलोमीटरांवरच्या मेणवलीचा. ‘गंगाजल’ (२००३) मधल्या बिहारी गावासाठीही वाईच उपयोगी पडली. हिंदी चित्रपटवाल्यांना गंगाकाठ हवा असला की ते कृष्णाकाठी येतात. मुंबईहून जवळ, घाट जुना, देवळे सुंदर. आणि पडद्यावर नदीला तिचे नाव कोण विचारतो?

वस्तुतः वाईला स्वतःचे नाव आणि स्वतःचा इतिहास भरपूर आहे. पुणे-सातारा मार्गावरील सुरूर फाट्याहून आत वळले की हे गाव लागते. मागे पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर, जिथे कृष्णेचा उगम. म्हणजे वाईत भेटते ती कृष्णा अगदी लहान वयाची; सांगलीला दिसणारे तिचे विशाल रूप इथे नाही. विजापूरच्या आदिलशाहीत वाई हे सुभ्याचे ठिकाण होते, आणि १६५९ साली प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी अफजलखानाचा तळ इथेच होता. पुढे पेशवाईत रास्ते घराण्याने घाट व देवळे बांधून गावाला आजचे रूप दिले.

गेल्या माघात माझे आई-वडील वाईला जाऊन आले. लग्नाला बावीस वर्षे झाली, पण दोघांनीच असे कुठे जाण्याची ही पहिली वेळ. वडील दादरच्या फूलबाजारात एका गाळ्यावर कामाला आहेत. बाजार पहाटे जागा होतो आणि सणावारी तर सुट्टीचा विषयच नसतो. गावी जायचे ते लग्नाला नाहीतर दहाव्याला. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून काय काय पाहावे याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. ग्रंथालयात बसून मी ती सनावळीसह लिहून दिली. परत आल्यावर मात्र आईने जे सांगितले ते त्या यादीत कुठेच नव्हते, आणि हा लेख मुख्यतः त्यावर आहे.

आईचे माहेर पाटण तालुक्यात, कोयनेकाठी. घाटावर गेल्यावर तिने देवळाच्या शिखराकडे नव्हे, तर पायऱ्यांकडे पाहिले. कोणती पायरी झिजली आहे, शेवाळ कुठवर आहे, पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर कुठे दिसते. मग वडिलांना म्हणाली, “अहो, हा दगड बघा. पिढ्यान्‌पिढ्या धुणं आपटलंय ह्याच्यावर.” वडील म्हणाले, “आणि आपण त्याच्यावर चपला घालून उभे.”

घाट म्हणजे काय, हे यावरून नीट समजते. आपल्याकडच्या नद्यांचे पाणी वर्षभर एका पातळीवर राहत नाही. श्रावणात जी नदी दुथडी वाहते ती वैशाखात खडकांमधून वाट काढते. मातीच्या काठावर पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात पाणी दूर जाते, आणि दर पुराला काठ थोडा थोडा खचतो. पायऱ्यांनी हे सगळे एकदम सुटते. पाणी कितीही चढो वा उतरो, कुठली तरी एक पायरी नेमकी पाण्यालगत असतेच. मधले रुंद टप्पे बसण्यासाठी, धार्मिक विधींसाठी, ओले कपडे वाळत घालण्यासाठी. शिवाय काळ्या दगडाचे ते बांधकाम काठाला धरून ठेवते. शोभा हा त्यातून निघालेला फायदा आहे. कदाचित म्हणूनच ती इतकी टिकली.

ढोल्या गणपतीचे देऊळ याचे उत्तम उदाहरण आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये अगदी नदीच्या तोंडाशी बांधले. त्याची मागली बाजू माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळला की दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा, हा हेतू. नदीला अडवण्यापेक्षा तिला वाट करून देणे शहाणपणाचे, हे त्या गवंड्यांना कळत होते. आत गजाननाची एवढी प्रचंड मूर्ती आहे की ‘ढोल्या’ हे नाव लोकांनी प्रेमाने दिले असणार यात मला शंका वाटत नाही.

वाईत घाट एक नाही, सात आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी. हिवाळा सरत आला की पाळीपाळीने प्रत्येक घाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो. इथे नदी ही देवी असते. तिची मूर्ती मांडवात बसते, बायका ओटी भरतात, जेवणावळी उठतात. खानाचे संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असे सांगतात. आईने तिथे ओटी भरली. खण दादरहून नेलेला होता आणि फुले, अर्थातच, वडिलांच्या गाळ्यावरची.

मेणवलीला नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे, आणि त्याच्या मागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. तिथल्या देवळापाशी टांगलेल्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. आमच्या लोकलच्या वाटेवरची वसई अशी कृष्णाकाठी भेटते, याची वडिलांना फार गंमत वाटली. दादरकरांसाठी आणखी एक धागा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश ज्या गावात आकाराला आला ते हेच वाई, आणि विश्वकोश मंडळाचे मुंबईतले कार्यालय आपल्या शेजारी प्रभादेवीला, रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत.

आता नदी पूर्वीची राहिलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. वाईच्या वर धोम येथे धरण आहे. घाटाला लागणारे पाणी आता पावसाइतकेच धरणाच्या दारांवर अवलंबून असते. घरोघरी नळ आल्यापासून धुण्यालाही पूर्वीइतक्या बायका येत नाहीत. त्यांची जागा हळूहळू पाचगणीला जाता-येता थांबणारी जोडपी घेत आहेत. माझे आई-वडीलही त्यांतलेच एक जोडपे, तेव्हा मला तक्रार करण्याचा अधिकार नाही.

पण नदीकाठचे गाव केवळ पाहण्याचे झाले की काय होते, याचे एक उदाहरण चीनमध्ये घडले आहे. हूनान प्रांतात थ्वो नदीच्या काठी फंगह्वांग नावाचे जुने गाव आहे. पाण्यावर खांब रोवून उभारलेली लाकडी घरे, दगडी वाटा, अरुंद पूल. षन त्सोंगवन हा थोर कादंबरीकार इथलाच. प्रवाशांची रीघ लागली, आणि एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या प्रशासनाने गावात शिरण्यासाठीच १४८ युआनचे तिकीट लावले. स्थानिक दुकानदार आणि घरात पाहुणे ठेवणारे लोक रस्त्यावर उतरले, कारण गिऱ्हाईक वेशीवरूनच परत जाऊ लागले. अखेर २०१६ मध्ये ते तिकीट उठवावे लागले.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा वडिलांनी विचारले, “आणि तिथल्या माणसाची मावशी भेटायला आली, तर तिलाही तिकीट?” त्यांचा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या कुठल्याही प्रश्नाइतकाच रास्त वाटतो. वाईच्या घाटावर उतरायला आजही कोणी पैसे मागत नाही. धुणे घेऊन येणारी बाई आणि कॅमेरा घेऊन येणारा पाहुणा एकाच पायरीवर उतरतात, आणि वाट कोणी कोणाला द्यायची हे तिथल्या तिथे ठरते. आईने त्या दिवशी धुणे धुणाऱ्या दोघींना वाट दिली, मग त्यांच्याच शेजारी बसून पाय पाण्यात सोडले, आणि कोयनेचे पाणी याहून गार असते असे त्यांना ऐकवले. त्या दोघींना ते मुळीच पटले नाही.